पंच म्हणून एकदा, मामा म्हणून एकदा

पंचनाम्यावर सही करायला माणूस हवा असला की पोलिस गावात शिक्षक शोधतात. शिक्षकाला सहसा नाही म्हणता येत नाही, आणि पुढं कोर्टात बोलावणं आलं तर तो वेळेवर हजर राहतो, असा त्यांचा हिशेब असावा. गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो, त्यामुळं अशा सह्या अधूनमधून माझ्या वाट्याला आल्या. चोरीचे, गाड्यांच्या ठोकरीचे पंचनामे आता आठवतही नाहीत. एक मात्र डोक्यात राहिला.

२०१२ साली खाणी बंद पडल्या, त्यानंतरच्या एका पावसाळ्यातली गोष्ट. खाण चालू असते तेव्हा खंदकातलं पाणी पंप लावून सतत उपसतात. काम थांबलं, पंप थांबले, राखणदार घरी गेले आणि खंदक काठोकाठ भरले. लांबून ते पाणी हिरवंनिळं आणि इतकं निवांत दिसतं की पोरांना मोह व्हावाच. पण खाणीची कड पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली असते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून एक पाऊल पुढं टाकलं की पायाखाली काहीच नाही. शेजारच्या वाड्यावरचा बारावीतला मुलगा दोस्तांबरोबर उतरला आणि वर आला नाही. अग्निशामक दलाच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बाहेर काढलं.

उपनिरीक्षक तरुण होता, माणूसही बरा. त्यानं मला आणि पंचायतीतल्या एकाला पंच म्हणून उभं केलं. कड कुठून सुरू होते, देह कुठं मिळाला, हे टेपनं मोजून झालं. दगडावर एक शर्ट, निळ्या पट्ट्यांच्या चपला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल. हवालदार एकेक वस्तू सांगत होता आणि उपनिरीक्षक मांडीवर फाईल ठेवून इंग्रजीत लिहीत होता. मग देहाची उंची, बांधा, अंगावरच्या खुणा, तोंडाशी आलेला फेस, गुडघ्याला खरचटलेलं. खरचटल्याची जागा त्यानं मला बोटानं दाखवली आणि ‘पाहिलं ना सर?’ असं विचारून मगच लिहिली. शेवटी सगळं कोकणीत समजावून सांगितलं. मृत्यू पाण्यात बुडून, घातपाताचा संशय नाही.

मी म्हटलं, इथं कुंपण नाही, फलक होता तो आडवा पडलाय, तेही लिहा. तो थांबला, माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “सर, तें हांगा येना.” ते इथं येत नाही.

त्यावेळी मला राग आला होता. नंतर कायदा वाचला तेव्हा कळलं की त्याचं बरोबर होतं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४ वं कलम पोलिसांना सांगतं की परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष देह पाहा, जखमा, मोडलेली हाडं, वळ नोंदवा, आणि मृत्यू कशानं झाला असावा असं दिसतं ते लिहा. या चौकशीचा आवाका एवढाच, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७५मध्येच सांगून ठेवलं आहे. १ जुलै २०२४पासून संहिता बदलली, आता हेच काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४व्या कलमाखाली चालतं. अहवाल चोवीस तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडं गेला पाहिजे, अशी भर त्यात पडली. अहवालात काय यावं, ते मात्र जवळपास तसंच राहिलं. कुंपण तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही.

शवचिकित्सा सरकारी इस्पितळात झाली. व्हिसेरा राखून ठेवला, असं त्या मुलाच्या वडिलांना कुणीतरी तोंडी सांगितलं. व्हिसेरा म्हणजे काय, तो कुठं जातो, त्याचं उत्तर कधी येतं आणि कोणाकडं येतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. रासायनिक तपासणीसाठी काढून ठेवलेले आतल्या अवयवांचे भाग म्हणजे व्हिसेरा, हे मला नंतर कळलं. बारावं झालं, वर्षश्राद्ध झालं. विम्याच्या कामासाठी शवचिकित्सेचा अहवाल लागला तेव्हा ते एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरले. प्रत्येक ठिकाणी वागणूक चांगलीच मिळाली, फक्त कागद दुसरीकडं असायचा. आपल्या मुलाच्या मृत्यूची चौकशी संपली की चालू आहे, हे त्या माणसाला कुणी कळवलं नाही, कारण कळवण्याचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं.

हे सगळं मी जवळपास विसरलो असतो. पण मग आमच्या ताईचा मुलगा इंग्लंडमध्ये गेला.

तो तिकडं कसा पोचला, हे गोव्यातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. आजोबांचा जन्म १९६१च्या आधीचा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला, त्यावरून लिस्बनला नोंद, मग पोर्तुगीज पासपोर्ट, आणि ब्रेक्झिटचं दार बंद व्हायच्या आत इंग्लंड. स्विंडनमध्ये गोंयकारांची एवढी वस्ती आहे की तिथं पहिल्या दिवशी आपल्या तालुक्यातला माणूस भेटतो. आमचा भाचा मात्र तिथून थोड्या लांबच्या गावात, एका गोदामात रात्रपाळी करायचा. पहाटे सायकलवरून खोलीवर परतत असताना मोटारीनं उडवलं.

बातमी मित्रानं फोनवर दिली. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा ईमेल आला. मी कोरोनरच्या कार्यालयातली अधिकारी आहे, तुमच्या कुटुंबाशी यापुढं मीच बोलेन, माझा थेट नंबर हा. कोरोनर म्हणजे तिकडं अनैसर्गिक किंवा कारण न कळलेल्या मृत्यूची चौकशी करून त्यावर जाहीर सुनावणी घेणारा स्वतंत्र अधिकारी. ताईचं इंग्रजी तोडकं, भावोजी आजारी, म्हणून कुटुंबाच्या वतीनं मी बोलायचं ठरलं. त्या बाईंनी पहिल्याच ईमेलमध्ये पुढं काय काय होणार ते क्रमानं लिहिलं होतं. देह आता कुठं आहे, शवचिकित्सा कोण करणार, ती का टाळता येत नाही, सुनावणीला किती महिने लागू शकतात. सोबत कुटुंबांसाठीची छापील माहितीपुस्तिकाही जोडलेली.

शवचिकित्सेला ताईचा विरोध होता. पोराला आता आणखी कापू नका, एवढंच ती म्हणत राहिली. तिथल्या कायद्यात कोरोनरनं सांगितलेल्या शवचिकित्सेला घरच्यांची परवानगी लागत नाही. काही ठिकाणी त्याऐवजी सीटी स्कॅनवर भागवतात, पण ती सोय जवळपास नव्हती. शवचिकित्सा झाली. त्यानंतर एक फॉर्म आला, तो मी आजही ठेवलाय. तपासणीसाठी ऊतींचे काही छोटे नमुने ठेवून घेतलेत, काम झाल्यावर त्यांचं काय करावं? कुटुंबाकडं परत द्यावेत, इस्पितळानं सन्मानानं विल्हेवाट लावावी, की अभ्यासासाठी ठेवावेत? तीन चौकोन, एकात खूण करायची. ताईनं विचार करून मधल्या चौकोनात खूण केली. मला खाणीतल्या मुलाचे वडील आठवले. त्यांना व्हिसेऱ्याबद्दल असं काही विचारायची कल्पनासुद्धा कुणाला सुचली नसती.

देह आणण्याच्या खटपटीवर वेगळा लेख होईल, इथं थोडक्यात. पासपोर्ट पोर्तुगीज, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते ओसीआय कार्ड भारताचं, मृत्यू इंग्लंडमधला, त्यामुळं प्रत्येक दाराशी थोडं थांबावं लागलं. देह देशाबाहेर न्यायला कोरोनरची परवानगी लागते, ती सुनावणीची वाट न पाहता मिळाली. मृत्यूचा अंतिम दाखला सुनावणीनंतरच मिळतो, पण तोवर बँकेसारख्या कामांसाठी कोरोनर तात्पुरता दाखला देतो. बाकीचं लेपनाचं प्रमाणपत्र वगैरे तिथल्या अंत्यविधी करणाऱ्या मंडळींनी पाहिलं. शवपेटी मुंबईच्या विमानतळावर उतरली आणि शववाहिनी रात्रभर चालून बांद्यावरून पत्रादेवीला गोव्यात शिरली. सुतक कधीपासून धरायचं यावर घरात दोन मतं होती, भटजींनी तिसरं सांगितलं.

सुनावणी बऱ्याच महिन्यांनी लागली. ‘शक्यतो सहा महिन्यांत’ असं तिथले नियम म्हणतात, आमची त्याहून लांबली. आधी मला पोलिसांचा अपघात-तपासाचा अहवाल, शवचिकित्सेचा अहवाल, साक्षीदारांची निवेदनं असा सगळा गठ्ठा ईमेलनं आला. फुकट, न मागता. जवळचे नातेवाईक म्हणून ती कागदपत्रं बघायचा आणि साक्षीदारांना प्रश्न विचारायचा आम्हाला हक्क होता. वकील असलाच पाहिजे असं नाही.

तिथले सकाळचे दहा, आपल्याकडचे दुपारचे अडीच. पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही म्हणून पुतण्यानं दोन मोबाईल चार्ज करून ठेवले होते. लॅपटॉपवर जे दिसलं ते कोर्टासारखं वाटेना, आमच्या तालुक्याच्या बैठकीच्या खोलीसारखी खोली. कोरोनर बाई होत्या. त्यांनी आधी ताईचं नाव घेऊन तिच्याशी बोलायला सुरुवात केली, दुभाष्याचा आवाज नीट येतोय का विचारलं, आणि मग सांगितलं की आज चार प्रश्नांची उत्तरं शोधायची आहेत: मरण पावलेली व्यक्ती कोण, मृत्यू कधी, कुठं आणि कसा झाला. दोष कुणाचा, भरपाई कुणी द्यायची, हे इथं ठरत नाही, कायद्यानंच ते ठरवायला बंदी आहे. मोटार चालवणाऱ्यावर खटला भरण्याइतका पुरावा नाही, असा निर्णय पोलिसांनी आधीच घेतला होता, तोही त्यांनी वाचून दाखवला.

रुग्णवाहिकेवरच्या माणसाचं निवेदन वाचलं गेलं. मोटार चालवणाऱ्या बाई स्वतः आल्या होत्या, साठीच्या पुढच्या, बोलताना पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून. मग अपघात तपासणारा पोलिस. वेग, ब्रेकच्या खुणा, सायकलचा मागचा दिवा चालू होता का, हे सगळं त्यानं सांगितलं. दिवा चालू होता. पण त्या वळणावरचा रस्त्याचा दिवा झाडीत इतका गेला होता की खाली उजेड पडत नव्हता. त्याचे फोटो त्यानं दाखवले.

मी रात्री बसून इंग्रजीत प्रश्न लिहून काढले होते. दिवा, वेग, गोदामाची पाळी किती तासांची. कोरोनरनी त्यातले बरेचसे स्वतःच विचारून टाकले. मग म्हणाल्या, आईला काही विचारायचंय का? ताईनं माझ्या कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं विचारलं, त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता का? लहानपणापासून चष्मा खिशात घालून सायकल चालवायची त्याला सवय, आणि त्यावरून तिनं त्याला हजारदा रागावलेलं.

दुभाष्यानं सांगितलं. मला वाटलं, आता कोणीतरी नम्रपणे विषय बदलेल. पण पोलिसानं फाईल उघडली, पानं उलटली, वस्तूंची यादी काढली. चष्मा रस्त्याकडेच्या गवतात सापडला, फुटला नव्हता. पडताना डोळ्यांवर असावा असं त्याच्या जागेवरून वाटतं, तो म्हणाला. कोरोनरनी ते लिहून घेतलं. निष्कर्षाशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी लिहून घेतलं.

निष्कर्ष एका ओळीचा: रस्त्यावरील टक्कर. पण त्यानंतर त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. हाच धोका पुढंही कुणाचा जीव घेऊ शकतो असं कोरोनरला वाटलं, तर संबंधित यंत्रणेला तसं लेखी कळवणं हे कोरोनरचं कर्तव्य आहे. ते पत्र आणि त्याचं उत्तर दोन्ही जाहीर होतात. उत्तराला मुदत ५६ दिवसांची. त्या रस्त्याची देखभाल करणाऱ्यांना पत्र गेलं. उत्तराची प्रत आम्हालाही आली: झाडी छाटली, दिव्याची तपासणी केली, त्या रस्त्यावरच्या सगळ्या दिव्यांची पाहणी अमुक महिन्यापर्यंत पुरी करू. भाषा आपल्या सरकारी पत्रांसारखीच रुक्ष. ताईला मी ते वाचून दाखवलं, तिनं प्रत मागून घेतली.

‘सर, तें हांगा येना’ म्हणणाऱ्या त्या उपनिरीक्षकाच्या कागदात जे येत नव्हतं, ते या कागदात आलं होतं.

इंग्लंडातलं सगळं उत्तम, असं मी म्हणत नाही. हे पद ११९४ साली निघालं तेव्हा कोरोनरचं काम मुख्यतः मेलेल्या माणसापायी राजाचं काय येणं निघतं ते वसूल करण्याचं होतं. आणि चांगली सुधारणा तिकडंही मोठा घोटाळा झाल्याशिवाय झालेली नाही. मँचेस्टरजवळच्या शिपमन नावाच्या डॉक्टरला २०००मध्ये पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. नंतरच्या चौकशीत आकडा २१५ निघाला. म्हातारी माणसं, घरात आलेला मृत्यू, दाखल्यावर सही त्याच डॉक्टरची, ‘नैसर्गिक’ असा शेरा. कोरोनरपर्यंत प्रकरण जायचंच नाही. (आपल्या गावात म्हातारं माणूस घरी गेलं की दाखला कसा मिळतो, ते आठवून पाहा.) त्यानंतर २००९चा नवा कायदा आला, तो २०१३मध्ये लागू झाला, मुख्य कोरोनर नेमला गेला, कोरोनर व्हायला वकिली पात्रता सक्तीची झाली. पूर्वी नुसते डॉक्टरही कोरोनर होत. आणि कोरोनरकडं न जाणारा प्रत्येक मृत्यू दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरनं तपासायचा, ही व्यवस्था कायद्यानं लागू व्हायला ९ सप्टेंबर २०२४ उजाडला. शिपमनला शिक्षा होऊन चोवीस वर्षं!

अजूनही कोरोनरांचा खर्च स्थानिक संस्था करतात, त्यामुळं एका भागात सुनावणी लवकर तर दुसऱ्या भागात रखडते. सरकारी खात्यांच्या बाजूनं वकील उभा आणि कुटुंब एकटं, ही तक्रार तिथं जुनी आहे. आणि ते ५६ दिवसांचं पत्र, त्याची अंमलबजावणी करवून घ्यायचा अधिकार कोरोनरला नाही. खात्यानं ‘आमच्या मते सध्याची व्यवस्था पुरेशी आहे’ असं उत्तर दिलं की विषय संपतो. आमच्या बाबतीत झाडी छाटली गेली, हे आमचं नशीब म्हणा.

मग गोव्यात कोरोनर आणावा का? मुंबईत तो होता. १८७१च्या कायद्यानं चालणारं ते कार्यालय १९९९पर्यंत टिकलं. गिरगावात जन्म काढलेले आमचे एक काका ‘प्रकरण कोरोनरकडं गेलंय’ असं सहज बोलायचे, जसं आपण मामलेदाराकडं गेलंय म्हणतो. गोव्यात पोर्तुगीजांमुळं ते पद कधी आलंच नाही, आणि आलं असतं तरी मुंबईसारखंच गेलं असतं. नव्या पदासाठी नवी खुर्ची, नवी गाडी आणि रिकामी ठेवायला आणखी एक जागा, एवढंच पदरात पडायची मला भीती आहे.

आपल्याकडं माणूस आहे. उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले उपजिल्हाधिकारी. पोलिसांचा अहवाल त्यांच्याकडंच जातो. कोठडीतला मृत्यू असला तर न्यायदंडाधिकाऱ्यानं चौकशी करायची असते, लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईनं आत्महत्या केली किंवा ती संशयास्पद रीतीनं गेली तर दंडाधिकाऱ्यांचा संबंध येतोच, आणि इतरही संशयास्पद मृत्यूंत पोलिसांच्या बरोबरीनं किंवा त्यांच्याऐवजी स्वतः चौकशी करायचा अधिकार जुन्या संहितेच्या १७६व्या कलमात होता, नव्याच्या १९६व्या कलमात आहे. त्यांच्या टेबलावर बुडून मेलेल्यांची फाईल येते. तीवर ‘घातपात नाही’ एवढंच न बघता, आईबापांना एक दिवस बोलावून ऐकून घ्यायला आणि खंदकाच्या मालकाला किंवा खात्याला उत्तराची तारीख घालून पत्र लिहायला कुणी हरकत घेणार नाही. ते पत्र आणि उत्तर पंचायतीच्या फळ्यावर लावायला तर काहीच खर्च नाही. समुद्रकिनाऱ्यांवर २००८पासून जीवरक्षक आहेत, कारण तिथं पर्यटक येतात. खंदकावर आपलीच पोरं जातात.

गेल्या पावसाळ्याआधी मी त्या खंदकाबद्दल उपजिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला. खाणीतल्या त्या मुलाच्या वडिलांची आणि माझी सही. अर्जाची पोच मिळाली आहे, तलाठी येऊन फोटो काढून गेले, उत्तर अजून यायचंय. अर्ज लिहिताना एक गोष्ट कामाला आली, ती कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. अनैसर्गिक मृत्यूच्या प्रत्येक नोंदीला पोलिस ठाण्यात एक क्रमांक आणि साल असतं, बोलीत त्याला यूडी नंबर म्हणतात. तो पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्या, आणि पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल, व्हिसेऱ्याचा निकाल व पोलिसांचा अंतिम अहवाल या चारही कागदांच्या प्रती मागताना प्रत्येक अर्जावर तोच क्रमांक टाका. त्या मुलाच्या वडिलांकडं तो नव्हता, म्हणून त्यांना दर खिडकीवर पहिल्यापासून सगळी हकीकत सांगावी लागत होती.